विमानाचे सामान आणि शिंप्याची फीत

मेडशीहून अकोल्याची एसटी धरणाऱ्या प्रवाशाच्या सामानाचे माप वाहकाच्या नजरेवर भागते. परंतु हाच प्रवासी पुढे नागपूरच्या विमानतळावर दाखल झाला, की तेथे सेंटिमीटरचा अंमल सुरू होतो. देशांतर्गत उड्डाणांत हातसामानाची मर्यादा, कंपनीपरत्वे थोडा फरक सोडल्यास, 55, 35 व 25 सेंटिमीटर, म्हणजे लांबी, रुंदी व जाडी मिळून 115, आणि वजन 7 किलो अशी असते. विमानाच्या पोटात जाणाऱ्या पेटीस पुष्कळ कंपन्या या बेरजेत 158 सेंटिमीटरपर्यंत, अर्थात 62 इंचांपर्यंत, मुभा देतात. गफलत होते ती अशी, की दुकानातील चिठ्ठीवर कित्येकदा केवळ पेटीच्या अंगाचेच माप नमूद असते, आणि चाके, मूठ व बाहेरचे खिसे यांची दखल मात्र विमानतळावरील चौकट बिनदिक्कत घेते. म्हणून पापड-कुरडया भरून झाल्यावरच ती फुगलेली पेटी भिंतीशी उभी करावी, तिच्या माथ्यावर पाटी आडवी टेकवून भिंतीवर खूण करावी, आणि जमिनीपासून त्या खुणेपर्यंत शिंप्याची फीत लावावी. उरलेल्या दोन बाजूही पेटी आडवी करून याच रीतीने मोजाव्यात. कापडी पिशवी प्रसंगी दाबून बसवता येते. कडक पेटी मात्र तसूभरही माघार घेत नाही.