नव्या किडनीबरोबर आलेली बुरशी

2021 साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीने महाराष्ट्रात अनेकांचे डोळे आणि जीव घेतले, आणि म्युकरमायकोसिस हे अवघड नाव मालवणच्या घराघरांत पोचले. दान केलेल्या अवयवातूनही बुरशी शरीरात शिरू शकते, हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नाही. कधी ती दात्याच्या शरीरात आधीपासून दडलेली असते. कधी अवयव काढताना आतड्यातले जंतू, किडनी ज्या थंड द्रावात ठेवतात त्यात मिसळतात. धडधाकट माणसाचे शरीर बहुधा तिला परतवून लावते. पण प्रत्यारोपणानंतर नवा अवयव टिकावा म्हणून टॅक्रोलिमस, स्टिरॉइड यांसारख्या औषधांनी प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबलेली असते. अशा वेळी कॅन्डिडा नावाची बुरशी नव्या किडनीची धमनी जिथे जोडली तिथेच भिंत पोखरू शकते, मग धमनी फुटून जीवावर बेतू शकते. फ्रान्समधल्या एका पाहणीत नव्या किडनीच्या जागी कॅन्डिडाचा संसर्ग होण्याचे प्रमाण हजार प्रत्यारोपणांमागे साधारण एक आढळले.

मग आधीच तपासून का घेत नाहीत? एचआयव्ही, कावीळ यांच्या चाचण्या काही तासांत होतात. बुरशीचे कल्चर, म्हणजे नमुन्यातली बुरशी वाढवून पाहणे, याला मात्र दिवस, कधी आठवडे लागतात. हृदय तर चार-सहा तासांत, किडनी साधारण दिवसभरात बसवावी लागते. ताप असलेला प्रत्येक दाता नाकारला, तर बुरशीने दगावतील त्याहून कितीतरी अधिक माणसे वाट पाहता पाहता जातील. सर्वांना सरसकट बुरशीविरोधी औषध द्यावे, तर व्होरिकोनॅझोलसारख्या औषधांनी रक्तातले टॅक्रोलिमस वाढते आणि नव्या किडनीलाच इजा होऊ शकते. म्हणून मला वाटते, खरा बचाव शस्त्रक्रियेनंतरच्या निरोपात आहे. एकाच दात्याच्या दोन किडन्या आणि यकृत वेगवेगळ्या रुग्णालयांत गेलेले असू शकतात. एकीकडे कल्चरमध्ये बुरशी निघाली, तर ते त्याच दिवशी सगळीकडे कळले पाहिजे.

सिंधुदुर्गात हा निरोप शेवटच्या टप्प्यावर अडण्याची भीती जास्त. प्रत्यारोपणासाठी इथला माणूस गोव्यातले बांबोळी, कोल्हापूर किंवा मुंबई गाठतो आणि घरी परततो. त्यानंतर ताप आला, तर पावसाळी ताप समजून गोळी घेणे सोपे वाटते. पावसातली ओल, कुजका पाचोळा, माती यांतूनही त्याला बुरशी लागू शकते, हे खरेच. पण पहिल्या काही आठवड्यांतल्या तापात दात्याकडून आलेल्या संसर्गाचाही विचार व्हायलाच हवा. अशा रुग्णाच्या घरच्यांनी प्रत्यारोपण समन्वयकाचा फोन नंबर जवळ ठेवावा, दात्याच्या कल्चरचा अहवाल आला का हे स्वतः विचारावे, आणि ताप आल्यास गावच्या डॉक्टरांना प्रत्यारोपणाची गोष्ट सर्वांत आधी सांगावी.