लपायचं नाही, दिसायचं!

रायपूरच्या पुरानी बस्तीतून बोलतोय. नातवाने दोन वर्षं खपून एक व्हिडिओ गेम बनवला. मुखचित्रात किल्ला, फौज, हत्ती, नायक सगळंच कोंबलं. मोबाईलवर लहान करून पाहिलं, तर नुसता चिखल!

फौजेत आम्हाला लपायला शिकवलं. आकार, चमक, सावली, बाह्यरेषा यांवरून माणूस दुरून ओळखू येतो, म्हणून त्या मोडायच्या. मुखचित्रात नेमकं उलट करायचं.

स्टीम या ऑनलाइन दुकानात छोटं चित्र ४६२ बाय १७४ पिक्सेलचं द्यावं लागतं. यादीत ते १२० बाय ४५ एवढंही होतं. तिथे नाव वाचता आलं, तरी पुष्कळ. मोठ्या चित्रात एकच ठळक आकृती ठेवा, मागे विरुद्ध छटा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या ‘राजी’ची (२०२०) नायिका त्रिशूळ घेऊन लढते, तेवढ्या आकृतीवरून गेमचा बाज कळतो. बक्षिसं, तारे, सवलती चित्रावर नकोत. सप्टेंबर २०२२ पासून स्टीमला ते चालतही नाही.

हत्ती काढताना नातवाला जड गेलं. पण आता नाव मला चष्म्याशिवाय वाचता येतं. तुम्हीही चित्र आधी नखाएवढं करून बघा. जय हिंद!