जव्हार-मोखाड्याहून मुंबईची संग्रहालये : एका दिवसाचा बेत

जव्हारहून किंवा मोखाड्याहून सकाळी निघून रात्री परतायचं म्हटलं, की दिवसातले आठेक तास रस्ता खातो. मुंबईत हाती उरतात जेमतेम चार-पाच तास. एवढ्यात चार संग्रहालयं उरकायची हौस करू नये. एक नीट पाहावं. दुसरं परतीच्या वाटेवर पडत असेल तरच.

वाटा दोन. मोखाडेकरांना खोडाळा, विहीगाववरून कसारा गाठणं सोयीचं. तिथून सीएसएमटीची लोकल अडीच तास घेते. कसाऱ्याच्या लोकल मोजक्याच, त्यामुळे एसटी आणि लोकल यांचा मेळ आदल्या दिवशीच बसवून ठेवावा. जव्हारकर विक्रमगड-मनोर करत पालघरला उतरतात. 2013 साली लोकल डहाणूपर्यंत आली, तेव्हापासून पालघरहून गाडी न बदलता चर्चगेटला जाता येतं. गावची पहिली गाडी चुकली तर बेत पुढे ढकललेला बरा.

वार पाहून निघा. फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय आणि राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सोमवारी बंद, भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद. शनिवार-रविवारी गर्दी असते. मंगळवार, गुरुवार किंवा शुक्रवार उत्तम.

पहिल्यांदाच जात असाल तर थेट काळा घोड्याचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘प्रिन्स ऑफ वेल्स’. पायाभरणी 1905 साली झाली आणि इमारत 1914पर्यंत उभी राहिली, पण पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी इस्पितळ होतं, म्हणून लोकांसाठी दारं उघडली ती 1922च्या जानेवारीत. वास्तुविशारद जॉर्ज विटेट. घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून घेतलेला, दगड कुर्ल्याचा आणि मालाडचा. आत शिरल्यावर मधल्या दालनात लगेच पुढे सरकू नका. तिथले लाकडी कमानींचे खांब नाशिकच्या एका वाड्यातून विकत आणून बसवले आहेत. आपला बाजार, दवाखाना, कॉलेज नाशिकशी जोडलेलं. त्याच नाशिकचं लाकूड मुंबईच्या घुमटाखाली उभं आहे.

मग तळमजल्यावरची शिल्पं. सगळ्यांत आधी सोपाऱ्याचा दगड विचारून घ्या. नालासोपारा आज आपल्याच पालघर जिल्ह्यात. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अशोकाने तिथे ब्राह्मी लिपीत आज्ञा कोरवल्या, त्यातला एक तुकडा इथे आहे. सोपारा तेव्हा मोठं बंदर होतं, आणि घाटावरच्या मुलखाशी त्याचा संबंध इतका जवळचा की नाशिकच्या पांडवलेण्यांत उषवदाताच्या लेखातही त्याचं नाव येतं. दगड दिसायला साधा आहे, म्हणूनच लोक पुढे निघून जातात. तिथे पाच मिनिटं थांबावं असं मी आग्रहाने सांगेन.

वस्तूखालची पाटी वाचायची एक रीत असते. नाव आणि काळ सगळेच वाचतात. त्यापुढे सापडल्याचं ठिकाण वाचा, कारण वस्तू कुठली हे कळलं की ती इथवर कशी आली हा प्रश्न आपोआप पडतो. मग बारीक अक्षरातला नोंदणी क्रमांक. त्याचे पहिले आकडे सहसा वस्तू संग्रहात आल्याचं वर्ष सांगतात. 22 ने सुरुवात असेल तर 1922. सर रतन टाटांचा संग्रह इथे आला तो त्याच सुमाराला. शेवटी देणगीदाराचं नाव. चार ओळींत वस्तूचा सगळा प्रवास कळतो. मुलं बरोबर असतील तर त्यांनाच पाट्या वाचायला लावा.

वरच्या मजल्यावर लघुचित्रं आहेत. तिथे उजेड मंद वाटेल. कागदावरचे रंग प्रकाशाने उडतात, म्हणून तो मुद्दाम कमी ठेवतात. डोळे सरावेपर्यंत क्षणभर थांबा. शस्त्रांच्या दालनात अकबराचं 1581 सालचं चिलखत आहे, मुलांना तेच आवडतं. बाकी दालनं पाय दमले असतील तर खुशाल सोडा. पिशव्या बाहेर ठेवाव्या लागतात, म्हणून सामान कमीच न्यावं. भाकरी आत जाण्याआधी खाऊन घ्यावी.

बाहेर पडल्यावर शेजारीच जहांगीर कलादालन. पूर्वी याच इमारतीत असलेल्या केमोल्ड गॅलरीत 1975 साली डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांची वारली चित्रं लागली होती. लग्नाच्या चौकापुरती असलेली पांढरी रेघ शहरातल्या दालनाच्या भिंतीवर आली, आणि पुढे 2011मध्ये मशेंना पद्मश्री मिळाली. आपल्या पाड्यांवरच्या चित्रकारांना जे दार उघडलं ते इथून.

आता परतीचं. कसाऱ्याला जाणाऱ्यांनी वेळ उरला तर भायखळ्याला उतरावं. राणीच्या बागेलगतचं भाऊ दाजी लाड संग्रहालय 1872चं, शहरातलं सर्वांत जुनं. जुन्या मुंबईतल्या लोकांच्या मातीच्या छोट्या मूर्ती तिथे आहेत, आणि आवारात घारापुरीचा दगडी हत्ती. पश्चिम रेल्वेने जाणाऱ्यांनी ग्रँट रोडला उतरून मणिभवन पाहावं. 1917 ते 1934 या काळात गांधीजी मुंबईत आले की तिथेच राहत. मात्र काळा घोडा तीनच्या आत सोडलात तरच यातलं काही जमेल. कसाऱ्याहून किंवा पालघरहून वर जाणारी शेवटची एसटी किती वाजता सुटते हे सकाळी उतरतानाच डेपोत विचारून ठेवा.