मोजणाऱ्याचाच उजेड

एकेक फोटॉन टिपणारा सिलिकॉनचा डायोड टिपता टिपता स्वतःही चमकतो. ही चमक असे डिटेक्टर बनण्याच्या आधीपासून ठाऊक होती. १९५५ साली न्यूमन यांनी सिलिकॉनच्या जोडातून येणाऱ्या प्रकाशाची नोंद केली आणि पुढच्याच वर्षी बेल लॅब्जमधल्या चायनोवेथ व मॅके यांनी त्याचा सविस्तर अभ्यास केला. जोडाला उलटा विद्युतदाब वाढवत नेला की इलेक्ट्रॉन वेग घेतात, धडकून आणखी इलेक्ट्रॉन सोडवतात आणि लोंढा सुटतो. त्यातली थोडी ऊर्जा उजेड होऊन निसटते.

साठच्या दशकात रोलांड हाइट्झ आणि पुढे मिलानमध्ये सर्जियो कोव्हा यांच्या कामातून हाच लोंढा एका फोटॉनची वर्दी देऊ लागला. तेव्हा सगळं लक्ष गोंगाटावर होतं. अंधारातही उष्णतेने होणारे डार्क काउंट थंडाव्याने कमी करता आले. स्फटिकातल्या दोषांत अडकलेले इलेक्ट्रॉन उशिरा सुटून खोटी खूण करत, ती टाळायला डिटेक्टर क्षणभर बंद ठेवू लागले. चमक मात्र बाजूलाच पडली. १९९३ मध्ये लाकाइता आणि सहकाऱ्यांनी ती मोजली तेव्हा लाखभर इलेक्ट्रॉनांमागे जेमतेम तीन फोटॉन निघाले. पण एका लोंढ्यात इलेक्ट्रॉन कोट्यवधी असू शकतात! असे शेकडो डायोड एकाच चकतीवर आले, तेव्हा एकाच्या उजेडाने शेजारचा खोटाच पेटू लागला. मग मध्ये प्रकाश अडवणारे चर खोदावे लागले.

मला या इतिहासात सर्वांत मोलाचं वाटतं ते म्युनिकचं २००१ सालचं काम. क्वांटम गुप्तसंदेशात फोटॉनचं ध्रुवीकरण ओळखायला वेगवेगळे डिटेक्टर असतात. कुर्टसीफर, वाइनफुर्टर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की लोंढ्याचा उजेड आल्या वाटेने परत जाऊ शकतो आणि कोणता डिटेक्टर वाजला याची खूण सोबत नेऊ शकतो. चोराने संदेशाच्या फोटॉनला हातही लावायला नको! पद्धतीचं गणित निर्दोष होतं, पण गणितात या उजेडाला जागाच नव्हती. आपल्याच क्षेत्राच्या पायाशी असलेली ही भेग त्यांनी उघड मांडली, याबद्दल मला मनापासून आदर आहे.

त्याच वर्षी मॉस्कोच्या गोल्ट्समन यांच्या गटाने अतिवाहक तारेचा डिटेक्टर मांडला. त्यात लोंढा नाही, म्हणून ही चमकही नाही. पण त्याला शून्याखाली सुमारे २७० अंशांची थंडी लागते. त्यामुळे डायोड आजही कामावर आहेत. २०१७ मध्ये तुरीन आणि सिंगापूरच्या गटांनी दूरसंचाराच्या तरंगलांबीवर चालणाऱ्या डायोडांतही ही चमक मोजली. उपाय अवघड नाहीत: नको त्या तरंगलांबी गाळणारे फिल्टर आणि प्रकाशाला एकाच दिशेने सोडणारे आयसोलेटर.

भारताने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. दोन हजार किलोमीटरवर गुप्त संदेशवहन हे त्याचं एक उद्दिष्ट आहे. त्यासाठीच्या प्रत्येक रिसीव्हरच्या तपशिलात डार्क काउंटच्या शेजारी परतणाऱ्या उजेडाचा आकडाही छापलेला असावा.