जुना लॅपटॉप भंगारात? थांबा जरा!

सबमिशन तोंडावर आलंय आणि ताईचा जुना लॅपटॉप सुरू व्हायलाच पाच मिनिटं घेतोय? लगेच घरी नव्यासाठी हट्ट धरू नका. अनेकदा दुखणं प्रोसेसरचं नसतं, फिरत्या हार्ड डिस्कचं असतं. तिच्या जागी २.५ इंची साटा एसएसडी बसवा. अभ्यासापुरती २५६ जीबीची भागते. रॅम ४ जीबीच असेल आणि स्लॉट मोकळा असेल, तर ८ करा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ चालत नसेल तर लिनक्स मिंट फुकट आहे. आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा. आणि हो, स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी प्रोजेक्टचा बॅकअप घ्या. मशीन नवं मिळेल, रात्री जागून लिहिलेलं नाही!