वरून खरपूस, आत कच्चे

गेल्या वर्षीच्या आखाडातली गोष्ट. श्रावण तोंडावर आला की बहुतेक मांसाहारी घरांत एक शेवटचा बेत होतो, तसा आमच्याही घरी ठरला होता. मुलगा, सून आणि पाच वर्षांची नात पुण्याहून आली होती. येताना मुलाने आमच्यासाठी नवा मायक्रोवेव्ह ओव्हन आणला. साधा नव्हे, तर ग्रिल आणि कन्व्हेक्शन असलेला, ज्याला कॉम्बिनेशन ओव्हन म्हणतात तो. "आई, आज तुम्ही चुलीपाशी उभं राहायचं नाही, आख्खी कोंबडी आम्ही भाजतो," असे सुनेने जाहीर केले. सौ.ने आनंदाने स्वयंपाकघर मोकळे करून दिले.

कोंबडी आदल्या दिवशी आणून फ्रीजरमध्ये ठेवली होती. रविवारी सकाळी दहाला बाहेर काढली. दही, आले-लसूण, तिखट, हळद, लिंबू असे सगळे चोळून बाराच्या सुमारास ओव्हनमध्ये गेली. अर्ध्या तासात घरभर असा वास सुटला की शेजारीही चौकशीला आले. बाहेर काढली तेव्हा रंग सोनेरी, कडा खरपूस. मुलगा म्हणाला, "बाबा, हॉटेलातही असा रंग येत नाही."

कापायचे काम माझ्याकडे आले. मांडीचा सांधा सोडवला तेव्हा सून म्हणाली, "बाबा, हाडाजवळ लालसर दिसतंय. आणखी दहा मिनिटं लावू का?" मी डॉक्टरी थाटात म्हणालो, "कोवळ्या कोंबडीचं हाडाजवळचं मांस लालसर दिसतंच." एवढ्यावर थांबलो असतो तरी बरे होते. माझ्या आईचे वय ब्याऐंशी, तोंडात दात थोडेच. तिला चावायला सोपे जावे म्हणून हाडाजवळचा तोच मऊ भाग मी निवडून तिच्या ताटात वाढला.

मंगळवारी पहाटे आईला ताप भरला. पोटात मुरडा, मग जुलाब. दुपारपर्यंत जीभ कोरडी पडली, लघवी कमी झाली, ती सुस्त झाली. तिला मित्राच्या दवाखान्यात दाखल करून दोन दिवस सलाईन लावावे लागले. शौचाच्या तपासणीत सालमोनेला हा जंतू सापडला. नातीने त्या दिवशी कोंबडीला हात लावला नव्हता, हे आमचे नशीब. माझेही पोट एक दिवस बिघडले; इतरांनी छातीचे तुकडे खाल्ले होते, ते निभावले.

वाचकहो, तीस वर्षे लोकांना "नीट शिजवून खा" असे सांगणाऱ्या डॉक्टरच्या घरी हे घडले. दोष यंत्राचा नव्हता, माझा होता. तोच इतरांच्या हातून होऊ नये म्हणून आजचा लेख.

एका पेटीत तीन प्रकारची उष्णता

आधी हे यंत्र काय करते ते समजून घेऊ. अमेरिकेत रडारच्या यंत्रणेवर काम करणारे पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातली चॉकलेटची वडी १९४५ साली मायक्रोवेव्ह लहरींनी वितळली आणि त्यातून या ओव्हनची कल्पना निघाली. या लहरी अन्नातील पाण्याच्या कणांना हलवतात आणि त्यातून उष्णता तयार होते. मात्र त्या मांसात दोन-तीन सेंटिमीटरच खोल प्रभावीपणे शिरतात. त्याच्या आतला भाग बाहेरून सरकत आलेल्या उष्णतेनेच शिजतो. "मायक्रोवेव्ह आतून बाहेर शिजवतो" हा समज त्यामुळे चुकीचा आहे.

पाणी असेपर्यंत मांसाचे तापमान शंभर अंशांच्या फारसे वर जात नाही. म्हणून नुसत्या मायक्रोवेव्हमधली कोंबडी उकडल्यासारखी फिकट दिसते. तांबूस रंग आणि भाजल्याचा वास यांसाठी पृष्ठभाग कोरडा होऊन साधारण १४० अंशांच्या वर तापावा लागतो. लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये या रंगामागची रासायनिक क्रिया वर्णन केली. ते काम ओव्हनमधल्या इतर दोन उष्णता करतात. ग्रिल म्हणजे वरच्या बाजूची तापून लाल होणारी कांडी. ती फक्त समोरची बाजू भाजते. कन्व्हेक्शन म्हणजे पंख्याने फिरवलेली गरम हवा. ती सगळीकडून भाजते. कॉम्बिनेशनचे बटण दाबले की मायक्रोवेव्ह आणि यांपैकी एक उष्णता मिळून काम करतात. वेळ वाचतो आणि रंगही येतो.

आणि फसगतही इथेच होते. चुलीवर किंवा साध्या भट्टीत रंग यायला वेळ लागतो, तोवर आतले मांस बहुधा शिजलेले असते. या यंत्रात रंग आणणारी उष्णता वेगळी आणि आत शिजवणारी वेगळी. रंग लवकर आला म्हणजे आतले काम संपले, असे मुळीच नाही.

आमचे काय चुकले?

पहिली चूक बर्फाची. दोन तासांत कोंबडी वरून मऊ झाली होती, पण पोटाच्या पोकळीत आणि हाडाजवळ ती गोठलेलीच होती. बर्फ मायक्रोवेव्ह लहरी फारच कमी शोषतो, पाणी भरपूर शोषते. त्यामुळे सुटलेला भाग भराभर तापला आणि गोठलेला भाग मागे राहिला. दुसरी चूक, मध्ये ती उलटली नाही. तिसरी, बाहेर काढल्याबरोबर कापली. चौथी आणि सर्वांत मोठी, मी डोळ्यांवर विश्वास ठेवला. कोवळ्या कोंबडीत हाडातल्या मगजामुळे पूर्ण शिजलेले मांसही कधी लालसर दिसते, हे खरेच आहे. पण म्हणूनच रंगावरून कोणताच निष्कर्ष काढता येत नाही. लालसर मांस शिजलेले असू शकते आणि पांढरे दिसणारे अर्धवट असू शकते.

कच्च्या कोंबडीत सालमोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू अनेकदा असतात. दही, लिंबू, मीठ, तिखट यांत मुरवल्याने ते मरत नाहीत. निरोगी तरुणाला चार दिवसांचा त्रास होऊन सुटका होते. म्हातारी माणसे, लहान मुले, गरोदर स्त्रिया, मधुमेही आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांना मात्र हे महागात पडते. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात हातापायांतली शक्ती जाण्याचे, म्हणजे जीबीएसचे, अनेक रुग्ण आढळले, हे आपल्याला आठवत असेल. त्यातल्या काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर सापडला होता. तेथे संशय प्रामुख्याने दूषित पाण्यावर होता. पण हाच जंतू कच्च्या कोंबडीतूनही पोटात जातो.

खात्री तापमानाची

उपाय सोपा आहे. अन्नात खुपसायचा टोचणीचा तापमापक घ्यावा. (ताप मोजायचा घरातला थर्मामीटर चुकूनही वापरू नये. तो साधारण ४२ अंशांपर्यंतच मोजतो आणि काचेचा असला तर फुटेल.) ओव्हन बंद करून, कोंबडी बाहेर काढून, मांडीच्या सर्वांत जाड भागात टोचणी घालावी, ती हाडाला टेकू देऊ नये. दोन-तीन ठिकाणी पाहावे, कारण या यंत्रात उष्णता सगळीकडे सारखी पोचत नाही. कोंबडीत प्रत्येक ठिकाणी ७४ अंश सेल्सिअस हवेत. मटणाच्या खिम्याचे कबाब असतील तर निदान ७१ अंश, कारण खिमा करताना वरचे जंतू आत मिसळले जातात. एकही जागा कमी दाखवत असेल तर पुन्हा लावावे. त्यात कमीपणा कसला?

भाजण्याची रीत

गोठलेली कोंबडी आदल्या दिवशी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, पसरट भांड्यात ठेवून सोडवावी. ओट्यावर दिवसभर ठेवू नये. डिफ्रॉस्टवर सोडवली तर लगेच शिजवावी, कारण तिचा काही भाग तेवढ्यातच कोमट झालेला असतो. मुरवायचे तेही फ्रीजमध्येच. कच्ची कोंबडी नळाखाली धुऊ नये. उडालेल्या थेंबांबरोबर जंतू ओट्यावर आणि कोशिंबिरीवर जातात. पाणी कागदाने टिपून घ्यावे. कच्च्या मांसाची सुरी व पाट वेगळे ठेवावेत आणि हात साबणाने धुवावेत.

सव्वा किलोची आख्खी कोंबडी कन्व्हेक्शनच्या कॉम्बिनेशनवर, १८० ते २०० अंशांना आणि मध्यम मायक्रोवेव्हवर, साधारण ३५ ते ४५ मिनिटे घेते. प्रत्येक यंत्राची शक्ती निराळी असते; त्यामुळे पुस्तकातली वेळ हा अंदाज समजावा आणि निकाल तापमापकाचा. आधी छाती खाली, अर्ध्या वेळानंतर छाती वर. पोटात सारण भरू नये. तंगड्या, टिक्का, कबाब यांना ग्रिलचे कॉम्बिनेशन चांगले. तुकडे सारख्या आकाराचे घ्यावेत, तंगडीला हाडापर्यंत चिरा द्याव्यात, जाड बाजू ताटलीच्या कडेला ठेवावी आणि मध्ये उलटावे. शिजल्यावर दहा मिनिटे झाकून ठेवावे. त्या वेळात उष्णता आत पोचते आणि रसही मांसात राहतो.

जून बोकडाचे मटण मात्र या घाईत मऊ होत नाही. ते कुकरमध्ये शिजवून घ्यावे आणि शेवटी दहा मिनिटे ग्रिलवर रंग आणावा.

भांडे काचेचे आणि मायक्रोवेव्हला तसेच भट्टीच्या उष्णतेलाही चालणारे हवे. मायक्रोवेव्हला चालणारे प्लॅस्टिक ग्रिलखाली वितळते. यंत्राबरोबर आलेली लोखंडी जाळी माहितीपुस्तिकेत सांगितलेल्या बटणावरच वापरावी. कॉम्बिनेशनवर धातूच्या सळया घालू नयेत, ठिणग्या उडतात; बांबूच्या काड्या अर्धा तास पाण्यात भिजवून वापराव्यात. पुष्कळ जण विचारतात, "डॉक्टर, या लहरींनी कॅन्सर होतो का?" या लहरी क्ष-किरणांसारख्या नाहीत, यंत्र बंद होताच त्या थांबतात आणि अन्नात उरत नाहीत. दार नीट बसत नसेल तर मात्र यंत्र वापरू नये.

काळे झालेले काढून टाका

कॅन्सरचा विचार करायचाच तर तो करपण्याबाबत करावा. मांस फार तापले, काळे पडले की त्यात काही अपायकारक द्रव्ये तयार होतात. कोळशावर चरबी ठिबकून उठणाऱ्या धुरातूनही ती मांसावर बसतात. प्राण्यांवरील प्रयोगांत त्यांनी कॅन्सर झालेला दिसला आहे. या बाबतीत आपले यंत्र उजवे ठरते. ग्रिलची कांडी वर असल्याने चरबी विस्तवावर न पडता खालच्या ताटलीत पडते. शिवाय मांस आधी मायक्रोवेव्हमध्ये तापवून, सुटलेले पाणी टाकून, मग लगेच थोडा वेळ भाजले तर ही द्रव्ये पुष्कळ कमी तयार होतात. मात्र आधी तापवणे आणि नंतर भाजणे यांत खंड पडू देऊ नये. सकाळी अर्धवट शिजवून संध्याकाळी भाजणे म्हणजे जंतूंना दिवसभराची मोकळीक देणे होय.

पोट बिघडलेच तर

मांस खाल्ल्यानंतर काही तासांत किंवा तीन-चार दिवसांनीही जुलाब सुरू होऊ शकतात; म्हणून डॉक्टरांना मागच्या आठवड्यातले खाणे सांगावे. पहिले औषध म्हणजे जलसंजीवनी. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजावे. ताप किंवा शौचातून रक्त असेल तर जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, प्रतिजैविकेही घेऊ नयेत. लघवी कमी होणे, ग्लानी, सतत उलट्या ही लक्षणे दिसली की दवाखाना गाठावा. म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत उद्याची वाट पाहू नये.

आई बरी झाली. घरी आल्यावर ती मला बोलली नाही. फक्त एकदा म्हणाली, "अरे बाळा, सूनबाई सांगत होती ना, आणखी दहा मिनिटं लावते म्हणून?" त्या दिवशी मी सुनेची माफी मागितली. ती स्वयंपाक करते, तिचे लक्ष होते. मी नुसता डॉक्टर होतो.

दसऱ्यानंतरच्या रविवारी पुन्हा कोंबडी केली. सुनेने टोचणी घातली, ६८ अंश दिसले. कोणी काही न बोलता तिने ती पुन्हा आत सरकवली. दहा मिनिटांनी ७९ आले. आई पाटावर बसून होती. ताट पुढे आले तेव्हा तिने विचारले, "काटा बघितला ना?" नातीने मोठ्याने आकडा वाचून दाखवला, आणि मगच म्हातारीने पहिला घास घेतला.