सावज लहान, टोक बोथट

बाणाचे टोक जितके धारदार तितका बाण चांगला, असे आपण धरून चालतो. पौराणिक मालिकांनी आणि कॅलेंडरांवरच्या चित्रांनी ही समजूत पक्की केली आहे. हरिण किंवा रानडुकराएवढ्या प्राण्यापुरती ती खरीही आहे. पण समोर ससा असेल, तितर असेल, झाडावरचा होला असेल, तर तेच धारदार टोक शिकाऱ्याला रिकाम्या हाताने घरी पाठवते. पालघर जिल्ह्यातल्या डोंगरपट्टीत, वसई-विरारच्या पूर्वेला तुंगारेश्वरापासून वर जव्हार-मोखाड्यापर्यंत, तिरकमठा पिढ्यानपिढ्या वापरात होता. वारली, कातकरी, मल्हार कोळी या समाजांनी तो हाताळला, आणि कोणत्या सावजाला कोणते टोक ही त्यातली सर्वांत बारीक विद्या होती. शिकार आज बेकायदा आहे आणि ती तशीच राहावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ही विद्या मात्र समजून घेण्यासारखी आहे, कारण तिच्यात प्राण्याच्या शरीराचे आणि पदार्थविज्ञानाचे अस्सल निरीक्षण आहे.

बाण मारतो कसा, इथून सुरुवात करू. रुंद पात्याचा बाण कापतो. तो मोठ्या रक्तवाहिन्या तोडतो, प्राणी रक्तस्रावाने कोसळतो आणि रक्ताच्या थेंबांवरून माग काढता येतो. हे सारे जमायला शरीर मोठे लागते. सशाच्या अंगातून असे पाते आरपार जाते, मांसाच्या चिंध्या होतात आणि बाण पुढे गवतात हरवतो. नुसते अणकुचीदार टोक त्याहून वाईट. त्याने पडणारे छिद्र अरुंद असते, आणि बाण आपली बरीचशी ऊर्जा स्वतःबरोबर घेऊन पलीकडे निघून जातो. जखमी ससा झुडपात शिरतो, घूस बिळात जाते आणि तिथे तासन्‌तास तडफडून मरते. शिकाऱ्याला अन्न मिळत नाही आणि प्राण्याला सुटकाही मिळत नाही. या जिवंत यातनेचा विचार टोक निवडताना सर्वांत आधी यायला हवा.

बोथट टोक आत शिरत नाही. ते आदळते, थांबते आणि सगळा जोर तिथेच सोडते. हा जोर किती असतो ते साध्या हिशेबाने काढता येते. तीस ग्रॅमचा बाण सेकंदाला पंचेचाळीस मीटर वेगाने सुटला, तर त्याच्याकडे सुमारे तीस ज्यूल ऊर्जा असते. क्रिकेटचा चेंडू ताशी सत्तर किलोमीटरने फेकला तर त्याच्यातही जवळपास तेवढीच असते. हा धक्का एखाद्या नाण्याएवढ्या जागेवर बसला की तितराएवढा पक्षी जागीच कोसळतो. मोठ्या प्राण्यावर मात्र असा बाण सोडणे निव्वळ क्रौर्य. त्याला तो फक्त दुखापत करतो.

झाडावरच्या पाखरासाठी बोथट टोकाचा आणखी एक फायदा आहे, आणि जंगलात राहणाऱ्याला तो लगेच पटतो. टोकदार बाण फांदीत रुततो. वीस हात उंचीवर रुतलेला बाण गेलाच म्हणायचा. बांबूची सरळ काडी शोधणे, ती आगीवर शेकून सरळ करणे, पिसे बांधणे या खटाटोपानंतर एक बाण तयार होतो. तो असा गमावणे परवडत नाही. बोथट टोकाचा बाण फांदीवर आपटून खाली येतो. म्हणूनच पश्चिम आणि मध्य भारतातल्या अनेक आदिवासी समाजांत पाखरांसाठी लाकडी गाठीचे बाण असत आणि लोहाराकडून घडवलेले लोखंडी पाते मोठ्या सावजासाठी राखलेले असे. डेन्मार्कमधल्या होल्मेगार्डच्या दलदलीतही मध्याश्मयुगातले बोथट डोक्याचे लाकडी बाण सापडले आहेत. उत्तर ध्रुवाकडचे शिकारी फरच्या प्राण्यांवर असेच बाण सोडत, कारण कातड्याला भोक पडले की त्याची किंमत उतरते.

आज अमेरिकेत जिथे परवान्याने लहान प्राण्यांची शिकार चालते, तिथे हीच कल्पना कारखान्यात घडते. रबरी बोथट टोके, पोलादी चपट्या टोप्या, तारेची कडी लावलेली पाखरांची टोके असे प्रकार मिळतात. एका टोकाला चार स्प्रिंगचे आकडे असतात. नेम चुकला की ते गवताला अडकतात आणि बाण गवताखालून सरपटत नाहीसा होत नाही. पावसाळ्यानंतर आपल्या माळावर कमरेएवढे गवत असते तेव्हा बाण शोधणे काय असते ते ज्याने अनुभवले, त्याला या आकड्यांची बुद्धी लगेच कळेल. उडत्या पाखरासाठी बाणाच्या मागे मुद्दाम मोठी, पसरट पिसे बांधतात. सुरुवातीचे काही मीटर बाण नीट जातो, मग हवेच्या विरोधाने मंदावतो आणि जवळच पडतो.

वजनाचाही प्रश्न असतो. टोकांची वजने ग्रेनमध्ये मोजतात. शंभर ग्रेन म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅम, सव्वाशे ग्रेन म्हणजे आठ. सरावाचे टोक आणि शिकारीचे टोक एकाच वजनाचे ठेवतात, नाही तर बाणाचा तोल बदलतो आणि सरावात बसलेला नेम ऐनवेळी खाली-वर जातो. तोलाची ही जाण आपल्याकडे जुनी आहे. वसिष्ठांच्या नावावर असलेल्या धनुर्वेदसंहितेत पुढे जाड, मागे जाड आणि सर्वत्र सारखा असे बाणाचे तीन प्रकार केले आहेत. पुढे जाड तो लांब जातो, मागे जाड तो जोराने भेदतो आणि सारखा असेल तो नेमबाजीला उत्तम, असे तिथे सांगितले आहे. याच ग्रंथात टोकांची दहा नावे येतात: आरामुख, क्षुरप्र, गोपुच्छ, अर्धचंद्र, सूचीमुख, भल्ल, वत्सदंत, द्विभल्ल, कर्णिक, काकतुंड. ढाल फोडायला आरामुख, धनुष्य तोडायला क्षुरप्र, चिलखताला सूचीमुख, लक्ष्यवेधाला गोपुच्छ. ही रणांगणाची यादी आहे. पाखरासाठी वेगळे टोक तिच्यात सांगितलेले नाही. शिकारी समाजांचे ज्ञान ग्रंथात उतरलेच नाही, ते बापाकडून मुलाकडे हातानेच गेले.

त्याहून मागे गेले तर दगड बोलतात. के. आर. यू. टॉड या नौदल अधिकाऱ्याने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कांदिवली आणि मुंबईच्या किनारपट्टीवर सूक्ष्मास्त्रे गोळा करून त्यांचा अभ्यास केला. नखाएवढी ही गारगोटीची पाती सापडली ती ठिकाणे वसईच्या खाडीपासून फार दूर नाहीत. अशी पाती डिंक किंवा राळेने काडीला चिकटवून बाण बनवत, हे जगभरच्या अशा हत्यारांच्या अभ्यासातून दिसते. काही पाती टोकदार असत, तर काही काडीवर आडवी बसवून त्यांची सरळ धार पुढे ठेवलेली असे.

आणि याच वसईच्या भूमीत शिकारीला नकार देणारे एक फार जुने राजवचनही सापडले. नालासोपारा म्हणजे जुने शूर्पारक बंदर. तिथे 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी बौद्ध स्तूप खणला, आणि त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा त्यांच्या हाती लागला. पुढे 1956 मध्ये भुईगावजवळ नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. आठवा लेख नेमका शिकारीबद्दल आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रांना जात, त्यांत मृगया आणि तशीच इतर करमणूक असे. अशोकाने राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर बोधिवृक्षाच्या स्थानी जाऊन धर्मयात्रा सुरू केली. सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी आणि खलाशांनी हे वाचले किंवा ऐकले असेल. वसईतल्या प्रत्येक शाळकरी मुलाला हे ठाऊक असायला हवे, असे मला मनापासून वाटते.

आजचा कायदा 1972 चा आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी घातली, आणि शिकारीच्या व्याख्येत मारण्याबरोबर जखमी करणे, सापळा लावणे, पक्ष्यांची अंडी वा घरटी उद्ध्वस्त करणेही घातले. त्या कायद्यात पूर्वी उपद्रवी प्राण्यांची वेगळी, पाचवी अनुसूची होती. कावळा, फळखाऊ वटवाघूळ, उंदीर हे तिच्यात होते. 2022 च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच काढून टाकली. उपद्रवी ठरवण्याचा अधिकार आता केंद्र सरकारच्या अधिसूचनेकडे आहे. सर्वसाधारण गुन्ह्याचा दंड पंचवीस हजारांवरून एक लाखापर्यंत वाढला. तुंगारेश्वर हे तर 2003 पासून अभयारण्य आहे. तिथे बाण घेऊन शिरणाऱ्याची गाठ अधिक कडक शिक्षेशी पडते. वसईच्या केळीच्या आणि चिकूच्या बागांना अशा प्राण्यांचा त्रास होतो, हे खरे. पण त्यावर जाळी, फळांना पिशव्या आणि रात्रीची राखण हेच उपाय आहेत. घुशीवर तर बाण कधीच उपयोगी नव्हता. ती बिळात राहते. कातकरी तिला बीळ खणून, धूर करून बाहेर काढत, आणि त्यामुळे भातशेतीचे कितीतरी धान्य वाचत असे.

मग या टोकांचे काय करायचे? हा कायदा झाला त्याच 1972 साली म्युनिक ऑलिंपिकमध्ये धनुर्विद्या परत आली. त्याआधी ती शेवटची खेळली गेली 1920 मध्ये अँटवर्पला, आणि तिथे खांबावर बसवलेल्या नकली पाखरांवर नेम धरण्याच्या स्पर्धाही होत्या. बेल्जियममध्ये हा खेळ आजही खेळतात, बोथट बाणांनीच. आपल्याकडे साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे दोघे 5 ऑगस्ट 2023 रोजी बर्लिनमध्ये कंपाउंड धनुष्याच्या प्रकारात जगज्जेते झाले. ओजसने अंतिम फेरीत दीडशेपैकी दीडशे गुण मिळवले. त्यांच्या बाणाचे टोक बारीक, गुळगुळीत, काडीच्याच जाडीचे असते. स्पर्धेच्या नियमांत काडी 9.3 मिलिमीटरहून आणि टोक 9.4 मिलिमीटरहून जाड चालत नाही. असा बाण फोममध्ये सरळ शिरतो आणि सरळ उपसून निघतो.

डहाणू, विक्रमगड, जव्हारच्या पाड्यांवर लाकडाची गाठ कशी घडवायची आणि काडी कशी शेकायची हे जाणणारी माणसे आता म्हातारी होत आहेत. के. जे. सावे यांनी 1945 मध्ये वारल्यांवर पुस्तक लिहिले, त्याला सुमारे ऐंशी वर्षे झाली. जिवंत सावजाशिवायही हे काम करता येते. गवताचा भारा लक्ष्य म्हणून ठेवायचा, आजोबांकडून टोके घडवून घ्यायची, त्यांची मापे, लाकडाची जात, वजन, बांधण्याची दोरी लिहून ठेवायची, आणि नातवंडांना त्या भाऱ्यावर नेम धरायला शिकवायचे. जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या क्रीडावर्गात याची सुरुवात होऊ शकते, आणि तीही याच हिवाळ्यात, गवत कापून झाल्यावर.